खालची चाल

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत त्यांना सगळे घडीमास्तर म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सांगायला नको. धुऊन, वाळून, गरम रुळांतून चपटी होऊन आलेली चादर हातात पडली की चार झटक्यांत तिची अशी घडी व्हायची, की कोपऱ्याला कोपरा नुसता लागायचा नाही, चिकटायचा. चादरीच्या दुसऱ्या टोकाला मावशी असायच्या. मावशी म्हणजे नात्याने कुणाच्याच मावशी नव्हेत, साऱ्या लॉन्ड्रीच्या मावशी. दिवसभर दोघांमध्ये एक चादर, पुढे-मागे, पुढे-मागे. मावशी म्हणायच्या, "आपण दोघं एवढं सरळ रेषेत चाललो असतो ना, तर एव्हाना समुद्र लागला असता." घडीमास्तर हसायचे. ते बोलायचे कमी. एक तर मशिनांचा धडधडाट, त्यात यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. त्यामुळे "काय म्हणालात?" असं दोनदा विचारून तिसऱ्यांदा लोक नुसती मान डोलवायचे.

घरी आई आणि ते, दोघंच. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. बाबा छापखान्यात होते. छाती बिघडून गेले तेव्हा घडीमास्तर नऊ वर्षांचे होते. लग्न करायचं राहिलं. म्हणजे अगदीच योग आला नाही असं नाही. हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्या एका बाईंशी त्यांचं चांगलं बोलणं होतं, दोनदा त्या घरी चहालाही आल्या. पण घडीमास्तरांचं सगळं सावकाश. ते मुद्द्यावर येईपर्यंत त्या बाईंचं दुसरीकडे ठरलंसुद्धा. आई म्हणाली, "तुझ्या तोंडातून शब्द निघेपर्यंत माणूस म्हातारं होतं रे." आणि खरोखरच झालं तसं. आधी आई म्हातारी झाली, मग तेही पन्नाशी ओलांडून गेले.

आई गेली ती त्यांच्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात. तिच्या खाटेवरची चादर पुढे केव्हातरी त्यांच्याच हातांतून गेली असणार. पण हॉस्पिटलच्या चादरी सगळ्या सारख्या, कुठली कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकच चादर जरा जपून घडी केली. मावशींच्या ते लक्षात आलं. त्या नुसत्या त्यांच्या चालीने सावकाश चालत राहिल्या.

मग सुरू झाले रिकामे दिवस. कामाचे दिवस कसेही निघून जात. सुट्टी आली की पंचाईत. कुलूप उघडण्याआधी बेल एकदा दाबायची त्यांची जुनी सवय होती, आई दचकू नये म्हणून. ती सवय सुटेना. बेल वाजायची, आत कुणी नसायचं, आणि मग ते खिशातून किल्ली काढायचे. आईच्या पलंगावरची चादर दर रविवारी बदलायचे. न वापरलेली काढायची, धुतलेली घालायची. एका सोमवारी सकाळी लॉन्ड्रीच्या दारावर रखवालदाराने "काय घडीमास्तर, बरं आहे ना?" असं विचारलं, तर "हो" म्हणताना त्यांच्या घशातून नुसतीच खरखर निघाली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की शनिवारी कामावरून निघाल्यापासून आपण एक शब्दही बोललेलो नाही; रविवारी चर्चलाही गेलो नव्हतो. मावशी जाताना "येते हं" म्हणाल्या होत्या, त्यावर आपण "या" म्हणालो होतो, तेवढंच.

थंडी पडायला लागली तशी चर्चमध्ये नाताळची तयारी सुरू झाली. मुलांचा कार्यक्रम पाळकसाहेबांच्या बायकोकडे असायचा. पाळकीणबाई म्हणजे उत्साहाचा झरा. नाही म्हणणाऱ्या माणसाला हो म्हणायला लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रविवारची उपासना संपली तशा त्या घडीमास्तरांपाशी आल्या.

"तुमच्या आई मला सांगायच्या, तुमच्या घरात एक पाळणा आहे म्हणून. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघं म्हणता तो. कुठल्या पुस्तकात नाही म्हणे."

"आजीचा आहे," घडीमास्तर म्हणाले. "आईच्या आईचा."

"मग यंदा मुलांना तो शिकवा."

"मला कुठे येतं मुलांना शिकवता?"

"एवढ्या चादरी ऐकतात तुमचं. दहा-बारा पोरं नाही ऐकणार?"

घडीमास्तर हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर तो पाळणा त्यांच्या दोन खोल्यांतच संपला असता, हे एक. आणि दुसरं, जे त्यांनी स्वतःशीही धड कबूल केलं नाही, ते म्हणजे रविवारची दुपार. रविवारी दुपारी कुठेतरी जायचं आहे, कुणीतरी वाट बघतंय, या विचारानेच त्यांना त्या रात्री गाढ झोप लागली.

चर्चच्या मागच्या खोलीत एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या, एका कोपऱ्यात जुना पियानो होता, आणि फरशीला पॉलिशचा वास होता. घडीमास्तर इस्त्रीचा सदरा घालून मुलांपुढे उभे राहिले. हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते घडी घालायच्या बेतात असल्यासारखे पुढे धरले. आधी शब्द सांगितले:

हळू चाल वाऱ्या, दार नको वाजवू,
गोठ्यात निजलं बाळ, त्याला नको जागवू.
आई जागी, बाबा जागा, मेंढ्या जाग्या दारात,
एक बाळ निजलं आहे जाग्या साऱ्या घरात.

"काका, वारा दार कसं वाजवणार? त्याला हात असतात?"

"आमच्याकडे बेल आहे," दुसरा एक मुलगा म्हणाला.

"मग वारा बेल वाजवेल! टिंगटाँग!"

मग दोन-तीन मिनिटं नुसतं टिंगटाँगच चाललं. घडीमास्तर शांतपणे थांबले. थांबण्यात त्यांचा हातखंडा होता. मग पुढच्या दोन दातांच्या जागी खिंड असलेली एक मुलगी, बोलताना तिचा दर 'स' शिट्टीसारखा वाजायचा म्हणून मुलं तिला शिट्टीच म्हणायची, तिने हात वर केला. "बाळ झोपलंय ना? मग आपण गातो कशाला? ते उठेल की."

हा प्रश्न घडीमास्तरांना एवढ्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. ते जरा विचार करून म्हणाले, "म्हणूनच हळू गायचं."

पण हळू गाणं म्हणजे काय, ते त्या पोरांना ठाऊकच नव्हतं. त्यांची अंगाई अशी, की गोठ्यातलं बाळच काय, पलीकडच्या गल्लीतले म्हातारेही उठून बसले असते. दुसऱ्या रविवारी घडीमास्तर घरून एक मोठा टॉवेल घेऊन आले. मुलांसमोर त्यांनी तो पसरला, एक टोक आत दुमडलं, दोन बाजू गुंडाळल्या, वरून एक पीळ दिला, आणि बघता बघता टॉवेलाचं दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ झालं. डोकं, पोट, सगळं. मुलं आ वासून बघत राहिली.

"आता हे एकेकाच्या मांडीवर जाणार," ते म्हणाले. "ज्याच्या आवाजाने उठेल, त्याने त्याला पुन्हा निजवायचं."

"टॉवेल कसा उठेल?"

"घडी सुटली की उठला."

मग काय, पोरं श्वास रोखून बसायला लागली. मांडी हलली तरी घडी सुटेल या धाकाने आवाज आपोआप खाली आले. शिट्टीच्या मांडीवरून बाळ पुढे सरकलं तेव्हा ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. त्या दुपारी पहिल्यांदा पाळणा पाळण्यासारखा वाटला. घरी जाताना घडीमास्तरांनी वाटेत उगाचच दोन सफरचंदं घेतली.

तिसऱ्या रविवारी पियानोवाल्या बाई आल्या. त्या शाळेत संगीत शिकवायच्या आणि चर्चमध्ये पियानो वाजवायच्या. मोठ्या स्पष्टवक्त्या बाई. मुलांनी पाळणा म्हटला, तो त्यांनी मान तिरकी करून ऐकला.

"वा. किती हळू म्हणतात. आता चाल म्हणा."

"ही म्हटली ना," घडीमास्तर म्हणाले.

"ही चाल नाही हो. ही साथ आहे." बाईंनी पियानोवर मुलांचे सूर वाजवून दाखवले. "हे बघा, इथे सगळे वर जायला हवेत तर आपण एकाच जागी बसून. 'जागवू' वर तर हलतच नाही. ही खालची आहे. हिच्या वर कुणीतरी गातंय. वर कोण गायचं?"

 बाईंनी विचारताक्षणी घडीमास्तरांना उत्तर कळलं होतं.

वर आई गायची. वरची चाल कायम आईची होती. आणि खालची बाबांची. लहानपणी घडीमास्तर नुसतेच ऐकायचे, पांघरुणात शिरून, आईचा आवाज वर आणि बाबांचा खाली. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात आई गायला लागली आणि दुसऱ्या ओळीवर येऊन थांबली. "जमत नाही रे," ती म्हणाली. "खाली कुणी नसलं की पाय ठेवायला जागाच नाही." तेव्हा त्या नऊ वर्षांच्या पोराने बाबांची खालची चाल धरली. कुणी शिकवली नव्हती, कानातच होती. आईने चमकून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेव्हापासून दर नाताळला आई वर, ते खाली. मधेच ते हसले किंवा खोकले तर आई हातानेच खूण करायची: सोडू नकोस, तू सोडलीस तर मी पडते. मग त्यांचा आवाज फुटला, दाढीमिशा आल्या, केस पांढरे झाले, पण त्यांनी खालची कधी सोडली नाही. आणि वरची कधी धरली नाही. धरायचं कारणच काय होतं?

त्या संध्याकाळी घरी येऊन ते रेडिओ न लावताच खोलीच्या मधोमध उभे राहिले. 'हळू' हा पहिला शब्द दोन्ही चालींत एकच होता, तो बरोबर निघाला. पण पुढे उतारावर सोडलेल्या सायकलीसारखा आवाज आपला खाली. पुन्हा केलं. पुन्हा खाली. मग त्यांनी डोळे मिटून नुसतं आठवून पाहिलं. आईचा आवाज आठवला, ओळ संपताना ती घ्यायची तो श्वास आठवला, कवळी लागल्यापासून 'च' म्हणताना व्हायची ती बारीक टकटक आठवली. चाल तेवढी आठवेना. माणूस डोळ्यांपुढे उभं राहावं आणि त्याचं नाक कसं होतं तेच सांगता येऊ नये, तसं झालं. आवाज टिपून ठेवावा असं त्यांच्या मनात एकदा आलं होतं. आईने हात झटकला होता. "यंत्रापुढे कसलं गायचं? मी कुठे पळून चालले आहे?"

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते सायकलवाल्याच्या दुकानात शिरले. सायकलवाला चाकाच्या तारा आवळत होता.

"आई नाताळात गायची, तुम्हाला खाली ऐकू यायचं का हो?"

"यायचं की! दर वर्षी. आमची ही तर टीव्ही बंद करायची."

घडीमास्तरांचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. "चाल आठवते?"

"न आठवायला काय झालं?" सायकलवाल्याने चाक बाजूला ठेवलं, ओठ पुसले, आणि शीळ घातली. सबंध पाळणा शिळेवर वाजवला, एक सूर न चुकता. घडीमास्तर ऐकत राहिले. ती खालचीच चाल होती.

"बरोबर?" सायकलवाल्याने विचारलं.

"हो," ते म्हणाले. "पण ही माझी झाली. आईची?"

सायकलवाल्याने कपाळाला आठ्या घालून जरा आठवून पाहिलं. "छताच्या खाली तुमचाच आवाज यायचा, दादा. काकूंचा बारीक. तो वरच्या वर राहायचा."

पियानोवाल्या बाईंनीही त्यांच्या परीने प्रयत्न केला. खालच्या चालीवर बसेल अशी एक वरची वाजवली. "ही?" नाही. दुसरी. "मग अशी?" नाही. तिसरी तर फारच सुरेख होती, ऐकणाऱ्याने डोळे पुसावेत अशी.

"छान आहे," घडीमास्तर म्हणाले. "पण आईची नाही."

"मी हीच बसवू का? कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

बाईंनी पियानोचं झाकण मिटलं. "मग खालचीच शिकवा. मुलांना काय, त्यांना एकच माहीत आहे. त्यांच्या लेखी तीच वरची."

असं ठरलं खरं, पण घडीमास्तरांच्या मनाला ते लागून राहिलं. कोट म्हणून मुलांना नुसतं अस्तर घालायला द्यावं, तसं त्यांना वाटायचं. आजीपासून आलेली वस्तू आपल्या हातात आली आणि अर्धी सांडली. मुलांना गाणं शिकवतो एवढं मावशींना ठाऊक होतं; हेही त्यांना सांगावं असं घडीमास्तरांना दोनदा वाटलं. पण मशिनांच्या आवाजात "वरची चाल" आणि "खालची चाल" हे ओरडून कसं सांगणार? चादरीचं टोक मावशींच्या हातात देऊन ते मागे फिरायचे.

नाताळच्या आधीच्या रविवारी तालीम चालली होती. टॉवेलाचं बाळ शिट्टीच्या मांडीवर होतं. तिचं लक्ष सगळं त्याच्याकडे, गाण्याकडे अर्धंच. मुलं "त्याला नको जागवू" ला आली. सगळ्यांचा सूर नेहमीप्रमाणे एका जागी बसला आणि शिट्टीचा भलतीकडे गेला. तो वर गेला, आणि वर जाऊन थांबला. पुढची ओळ येईपर्यंत थांबला.

घडीमास्तरांनी पियानोची कड धरली. ती आईची जागा होती. 'जागवू' वर आई अशीच वर जाऊन थांबायची, वाऱ्याने खरंच ऐकलं की नाही ते बघितल्यासारखी.

"थांबा," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "शिट्टी, तू आता काय म्हटलंस? पुन्हा म्हण."

"ही चुकली, काका!" दोघं-तिघं एकदम ओरडले. "नेहमी चुकते!"

शिट्टीने पुन्हा म्हटलं. ते बरोबर आलं, म्हणजे सगळ्यांसारखं. "तसं नाही. मघाचं." तिने पुन्हा म्हटलं. तेही बरोबर. घडीमास्तर गुडघ्यांवर बसले. "मघाशी वर गेलीस ना, तसं." तिने वर जायचा प्रयत्न केला. पण सूर कुठल्या कुठे गेला आणि मुलं हसली. पुन्हा, अजून एकदा, अजून एकदा. शेवटी तिने टॉवेल छातीशी घट्ट धरला. घडी सुटली.

तेव्हा कुठे घडीमास्तर भानावर आले. आपण एका सात वर्षांच्या पोरीकडे काय मागतो आहोत? "नाही नाही," ते म्हणाले. "तू चुकली नाहीस. मीच चुकलो. आण ते इकडे." त्यांनी बाळ पुन्हा गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं.

"मी काय केलं होतं?" तिने नाक ओढत विचारलं.

"छान केलं होतंस," ते म्हणाले.

नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या उपासनेला चर्च भरलं होतं. ओले कोट, खोकणारी माणसं, मागे कुणाचं तरी रडणारं मूल. मुलं पुढे ओळीत उभी राहिली. पाळणा पियानोशिवाय म्हणायचा होता. घडीमास्तर मुलांसमोर एका बुटक्या स्टुलावर बसले, लोकांकडे पाठ करून. तालमीत ते मुलांबरोबर गायचे, पण आज आपण बरोबर गायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, कारण त्यांच्या जाड आवाजाखाली मुलांचे आवाज दबले असते. त्यांनी नुसता हात वर केला, खाली आणला, आणि गप्प बसले.

मुलं गायला लागली. हळू, अगदी मांडीवर काहीतरी असल्यासारखी. पहिल्या ओळीलाच घडीमास्तरांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. खालची चाल चालू होती आणि ती त्यांच्या गळ्यातून येत नव्हती. नऊ वर्षांचे असल्यापासून नाताळच्या आदल्या संध्याकाळी असं कधी झालं नव्हतं. ती दुसऱ्यांनीच धरली होती. त्यांचा गळा मोकळा होता, काम नसलेल्या हातासारखा, आणि कानही मोकळे होते.

आणि दुसऱ्या ओळीवर वरची चाल आली.

ती कुणी गात नव्हतं. ती त्यांच्या कानातच होती, पण अर्धीमुर्धी नाही, सबंध. आईच्या श्वासासकट, त्या बारीक टकटकीसकट. 'बाळ' वर ती जरा वळली, 'जागवू' वर चढली आणि थांबली, आणि मुलांचा सूर खाली तिच्यासाठी जागेवर उभा राहिला. "आई जागी" ला ती उतरली. उतरतानाचं ते वळण तर ते पार विसरून गेले होते. आपण विसरलो आहोत हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. हात हलवला नाही. मान वर करून ते नुसते बसून राहिले. समोरच्या पोरांना वाटलं काका आपल्याकडे बघताहेत, म्हणून ती आणखीच जपून गायला लागली.

मग पाळणा संपला. मागचं ते रडणारं मूल गप्प झालं होतं. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर चहाच्या वेळी जो तो येऊन त्यांचा हात हातात घेत होता. किती गोड चाल, कुठे मिळाली, आमच्या धाकट्याला शिकवा. पाळकीणबाई म्हणाल्या, "बघा! उगाच आढेवेढे घेत होतात." घडीमास्तर हो-हो म्हणत राहिले. लोक ज्या चालीबद्दल बोलत होते ती त्यांनी धड ऐकलीच नव्हती, आणि त्यांनी जी ऐकली ती त्या भरल्या खोलीत दुसऱ्या कुणालाच ऐकू आली नव्हती. एवढ्या माणसांत, गरम चहाचा कप हातात धरून, ते आपल्या दोन खोल्यांत असायचे त्याहून जास्त एकटे होते.

पियानोवाल्या बाईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. "तुम्हाला काय झालं होतं मघाशी?"

"ऐकू आली," ते म्हणाले. "वरची. सगळी."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग चला आत, लगेच. तुम्ही म्हणा, मी पकडते."

मागच्या खोलीत बाई पियानोवर बसल्या. घडीमास्तर उभे राहिले, डोळे मिटले, तोंड उघडलं. 'हळू' बरोबर आला. पुढचा शब्द खाली गेला. त्यांनी डोळे उघडून बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन-तीनदा खालची चाल वाजवून आधार द्यायचा प्रयत्न केला. पण पियानोचा सूर ऐकला की त्यांचा गळा मुकाट्याने त्याच्याच मागे जायचा. शेवटी दोघांनाही हसू आलं.

"तुमचा गळा फार प्रामाणिक आहे हो," बाई म्हणाल्या. "असू द्या."

नाताळच्या दिवशीही लॉन्ड्री चालूच असते. आजारी माणसाला नाताळ काय आणि दुसरा दिवस काय. सकाळी मावशींनी चादरीचं टोक हातात घेत विचारलं, "काय, झालं का तुमचं गाणं?"

"झालं."

"रडलं का कुणी?"

"एक मूल रडत होतं. ते झोपलं."

"मग अजून काय पाहिजे? अंगाईच ना ती?" मावशी म्हणाल्या आणि चार पावलं पुढे आल्या.

पुढची बरीच वर्षं घडीमास्तरांनी मुलांना तो पाळणा शिकवला. शिट्टीला दात आले, ती मोठी झाली, शिट्टी हे नाव मागे पडलं आणि ती दुसरीकडे राहायला गेली. नवी मुलं आली. आता त्या चर्चमध्ये सगळ्यांना तो पाठ आहे. बायका भांडी घासताना गुणगुणतात, सायकलवाला शीळ घालतो, आणि सगळे खालचीच चाल म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने चाल तेवढीच आहे. घडीमास्तरांनी कुणाची चूक दाखवली नाही. दाखवून काय करणार?

दर वर्षी ते त्या बुटक्या स्टुलावर बसतात, लोकांकडे पाठ करून, गप्प. बऱ्याचदा वरची येते. कधी अर्धीच येते, 'जागवू' पर्यंत, आणि मग नाही. एका वर्षी तापाची साथ होती, चारच मुलं आली. ती बिचारी सर्दीने भरलेल्या नाकांनी कशीबशी गायली. त्या वर्षी काहीच आलं नाही. घडीमास्तर शेवटपर्यंत मान वर करून बसले होते. मग उठून त्यांनी चौघांच्याही पाठीवर हात ठेवला, छान म्हटलंत म्हणाले, आणि चहाला न थांबता घरी गेले. लोकांना वाटलं, आता वय झालं, आता हे सोडतील.

पुढच्या वर्षी थंडी पडली. पाळकीणबाई त्यांना शोधत मागच्या खोलीत आल्या, तर घडीमास्तर आधीच तिथे होते. रचलेल्या खुर्च्या एकेक उतरवून ते अर्धगोलात मांडत होते.